गाडीच्या कडक स्टीलला भोक पाडताना

फॉग लॅम्पचा ब्रॅकेट लावायचाय आणि ड्रिल नुसतं गरगर फिरतंय, धूर निघतोय पण भोक काही पडत नाही, असं झालं की आधी थांबा. जोर कमी आणि स्पीड जास्त असला की बिट घासतं, जागा तापते, काही स्टील तर तिथंच अजून कडक होतं, मग बिटची धार गेलीच समजा.

साधं बिट ठेवा बाजूला, कोबाल्टचं घ्या, एम३५ म्हणजे ५ टक्के कोबाल्टवालं, टोक १३५ डिग्रीचं. मागच्या बाजूला वायरिंग, ब्रेकचा पाईप, पेट्रोलची लाईन नाहीये ना ते हात घालून बघा, हे मी एकदा विसरलो होतो आणि वायर कापली गेली. सेंटर पंच, म्हणजे टोकदार छिन्नीसारखं हत्यार, ठोकून खूण पाडा म्हणजे बिट घसरत नाही, मग ३ एमएमचं पायलट भोक, म्हणजे आधीचं छोटं भोक, मग ६, मग १०. १० एमएमला ३००-४०० आरपीएम बास, कटिंग ऑइल टाकत राहा आणि दाबून धरा. स्टीलची लांब गुंडाळलेली चीप, म्हणजे कीस, निघाली की बरोबर चाललंय, भुगा पडला की धार गेली. आरपार जाताना मात्र जोर सोडा, नाहीतर बिट अडकून मनगट पिरगळतं. चष्मा घालाच.

शेवटी काठ कानशीने घासून झिंक प्रायमर मारा, गंज तिथूनच सुरू होतो.