खायच्या रंगातल्या चुका: चिमटीपासून हळदीच्या ग्लासापर्यंत

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक, कृत्रिम म्हणजे घातक’ या समजुतीवर रंगाची खरेदी केली की दोन्हीकडून फसगत होते. मटार हिरवागार दिसावा म्हणून घातलेले मोरचूद (कॉपर सल्फेट) विषारी आहे. टार्ट्राझिन पूर्णपणे कारखान्यात तयार होते, तरी ठरलेल्या पदार्थात आणि ठरलेल्या मर्यादेत कायदा त्याला परवानगी देतो. विचारायचे ते एवढेच: रंग कोणता, किती आणि कशात? सातारा-सांगलीकडे मिठाई, सरबते, क्रश, जॅम आणि मसाले घरून किंवा बचत गटातून करणाऱ्यांच्या चुका या तीन ठिकाणीच होतात.

चिमटीने रंग टाकणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. भारतात बहुतेक पदार्थांसाठी कृत्रिम रंगाची कमाल मर्यादा १०० पीपीएम आहे, म्हणजे तयार पदार्थाच्या एका किलोत १०० मिलिग्रॅम. दहा किलो बर्फीला जेमतेम एक ग्रॅम. दोन रंग मिसळले तरी दोघांची बेरीज या मर्यादेत बसली पाहिजे. आता चिमूट घ्या. ती माणसागणिक बदलते आणि बारीक पुडीची मोठी चिमूट सहज पाव ग्रॅमच्या वर जाते. शुद्ध रंगाची तेवढी एक चिमूट किलोभर खव्यात पडली की मर्यादा अडीच पटींनी ओलांडली. शिवाय कोरडी पूड नीट मिसळत नाही, ठिपके राहतात, आणि ते घालवायला पुन्हा रंग टाकला जातो.

स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा एका ग्रॅमखाली भरवशाचा नसतो, म्हणून पूड न मोजता द्रावण मोजा. उकळून गार केलेल्या थोड्या पाण्यात एक ग्रॅम शुद्ध रंग पूर्ण विरघळवा आणि एकूण द्रावण १०० मिली करा. याच्या एका मिलीत १० मिलिग्रॅम रंग असतो. एक किलो पदार्थाला सुईविना सिरिंजने २ मिली घालून बघा. मिठाईला बहुधा २ ते ४ मिली पुरतात. १० मिली ही शेवटची रेषा. बाटलीवर रंगाचे नाव आणि तारीख लिहा, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. नुसत्या पाण्यातल्या द्रावणाला बुरशी लवकर धरते.

यात एक मेख आहे. बाजारातल्या बऱ्याच डब्यांत शुद्ध रंग नसून मीठ किंवा साखर मिसळलेले मिश्रण असते. लेबलवर रंगाचे एकूण प्रमाण टक्क्यांत शोधा. ते २५ टक्के असेल तर वरच्या हिशोबाला एकाऐवजी चार ग्रॅम पूड लागेल. टक्केवारी छापलेली नसेल तर मात्रा ठरवताच येत नाही. असा डबा घेऊ नका.

‘खायचा रंग’ म्हणून सुटी पुडी घेणे

परवानगी असलेले कृत्रिम रंग फक्त आठ आहेत. कंसात त्यांचे आयएनएस, म्हणजे खाद्य-मिश्रकांचे आंतरराष्ट्रीय, क्रमांक: टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२), पॉन्सो ४आर (१२४), एरिथ्रोसिन (१२७), इंडिगो कार्माइन (१३२), ब्रिलियंट ब्लू (१३३) आणि फास्ट ग्रीन (१४३). डब्यावर यांपैकी नाव आणि १४ आकडी एफएसएसएआय (देशाचे अन्न सुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक हवा. कागदाच्या पुडीत ‘जिलेबी रंग’ किंवा ‘गुलाबी’ म्हणून मिळते त्यात मेटानिल यलो, ऱ्होडामाइन बी किंवा ऑरामाइन निघू शकते. हे कापड, कागद, चामडे रंगवण्याचे रंग; स्वस्त, भडक आणि खाण्यात पूर्ण बंदी असलेले. यात्रा-जत्रांत मिळणाऱ्या म्हातारीच्या केसांमध्ये (कॉटन कँडी) ऱ्होडामाइन बी सापडल्यावर तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने या रंगाचे गुलाबी केस आणि गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग बंद केले. मिरज-जतच्या पलीकडे लगेच कर्नाटक लागते, त्यामुळे दोन्हीकडे माल देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

नको तिथे रंग

हळद, तिखट, मसाले, डाळी, चहा पूड आणि ताजा भाजीपाला यांत परवानगीचा रंगसुद्धा चालत नाही. इथे प्रमाणाचा प्रश्नच येत नाही. साताऱ्याच्या कंदी पेढ्यालाही रंग लागत नाही. त्याचा तपकिरीपणा खवा मंद आचेवर भाजताना दुधातली साखर आणि प्रथिने यांच्या क्रियेतून येतो. पेढा फिका पडत असेल तर भाजणी वाढवा.

सरबताच्या तळाशी लाल गाळ, निळा रंग आठवड्यात गायब

या दोन तक्रारींचे कारण चुकीची निवड. एरिथ्रोसिन आंबट पदार्थात विरघळलेले राहत नाही, साका होऊन तळाशी बसते. ते टुटीफ्रुटी आणि चेरीत वापरतात याचे कारणही हेच: रंग केकमध्ये पसरत नाही. लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड असलेल्या लाल सरबताला कार्मोइसिन घ्या. निळ्यात इंडिगो कार्माइन उजेडाने लवकर उडते. ब्रिलियंट ब्लू टिकते.

एरिथ्रोसिनबाबत आणखी एक गोष्ट. त्याचे रोजचे सुरक्षित सेवन शरीराच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरलेले आहे, तर सनसेट यलोचे ४ मिलिग्रॅम. १५ किलो वजनाच्या मुलाचे एरिथ्रोसिन दिवसाला दीड मिलिग्रॅमवर संपते, म्हणजे १०० पीपीएमचा पदार्थ फक्त १५ ग्रॅम. सनसेट यलोचे ६० मिलिग्रॅम भरायला त्याच ताकदीचे सरबत २०० मिलीचे तीन ग्लास लागतील. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) जानेवारी २०२५ मध्ये अन्नातल्या एरिथ्रोसिनची परवानगी काढून घेतली, उत्पादकांना बदलासाठी जानेवारी २०२७ पर्यंत मुदत देऊन. आमच्या मते मुलांच्या खाऊत हा रंग आजच टाळावा. टार्ट्राझिनने काही जणांना पित्ताच्या गांधी उठतात किंवा दमा बळावतो, तेव्हा लेबलवर रंगाचे नाव लिहिणे ही नुसती औपचारिकता समजू नका.

स्ट्रॉबेरी क्रश फिका पडतो

महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात ही तक्रार नेहमीची, आणि दोष फळाच्या माथी मारला जातो. पहिला संशय परिरक्षकावर, म्हणजे क्रश टिकावा म्हणून घातलेल्या रसायनावर घ्या. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट स्ट्रॉबेरी, जांभूळ, कोकम यांतले अँथोसायनिन हे लाल-जांभळे रंगद्रव्य फिके करते. ते लिंबू, संत्रे, आंबा यांसाठी ठीक. लाल-जांभळ्या फळांच्या क्रशला सोडियम बेंझोएट वापरा, एका किलोला सुमारे ०.७ ग्रॅम, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून शेवटी ढवळा. त्यानंतर भांडे तपासा: लोखंड किंवा कल्हई उडालेल्या भांड्याने रंग निळसर-काळपट होतो, म्हणून स्टीलच वापरा. मग उष्णता: जॅम जितका वेळ उकळेल तितका विटकरी होतो, म्हणून मोठा घाणा एकदम न घेता दोन-तीन किलोचे छोटे घाणे लवकर आटवा. एवढे करूनही काचेच्या बाटलीतला खरा स्ट्रॉबेरी जॅम काही महिन्यांत थोडा तपकिरी होणारच. वर्षभर लालभडक राहणाऱ्या बाटलीचे लेबल वाचून बघा.

बीट, पालक, हळद: ‘घरचा रंग टिकत नाही’

बिटाचा रंग उष्णतेने मोडतो. रस आधी घालून शिजवला की तपकिरी उरतो. मिश्रण खाली उतरवून कोमट झाल्यावर रस घाला आणि चार थेंब लिंबू पिळा. किंचित आंबटपणात तो जास्त टिकतो. पालक उकळत्या पाण्यात झाकण न ठेवता एक मिनिट, मग लगेच बर्फाच्या पाण्यात. झाकण ठेवले तर पानांतली आम्ले बाहेर जात नाहीत आणि पालक शेवाळी पडतो. सोडा घातल्याने हिरवा राहतो खरा, पण पाने गिळगिळीत होतात आणि क जीवनसत्त्व जाते.

हळदीतले कर्क्युमिन, म्हणजे तिचे पिवळे रंगद्रव्य, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ती आधी कोमट तुपात कालवा, मग मिसळा. सोडा असलेल्या पिठात ती लालसर होते. ढोकळ्यावरचे लाल डाग त्याचेच, भेसळीचे नव्हेत. जांभूळ, कोकम आणि गोकर्ण यांचे रंगही आम्ल-अल्कलीवर फिरतात: आंबटात लाल, सोड्यात निळे-हिरवे. बोअरचे जड पाणी बहुधा किंचित अल्कलीच असते, म्हणून एकाच कृतीचे सरबत एका गावात लाल आणि दुसऱ्या गावात जांभळट होते. पाण्यात आधी चिमूटभर सायट्रिक ॲसिड घाला. आणि नैसर्गिक आहे म्हणून हात सैल सोडू नका: कर्क्युमिनलाही किलोमागे रोज ३ मिलिग्रॅमची मर्यादा धरलेली आहे. भाजी-आमटीतल्या हळदीची चिंता नाही, प्रश्न तीव्र अर्क रंग म्हणून वापरताना येतो.

हळदीची घरगुती चाचणी चुकीची वाचणे

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण बाजारात ‘सांगली’ नावाने येणारी प्रत्येक पूड सांगलीची असतेच असे नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड टाकून न ढवळता थांबा. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. गडद पिवळे झाले तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला असू शकतो.

आता या चाचणीची मर्यादा. हळकुंडे चकचकीत दिसावीत म्हणून घासले जाणारे लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेला पिवळा रंग, पाण्यात विरघळत नाही, म्हणजे ग्लास स्वच्छ दिसला तरी शिसे असू शकते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. डोळ्यांत भरणारी, बोटाला पिवळाधमक रंग लावणारी हळकुंडे नाकारा. मातकट, सुरकुत्या असलेली घ्या आणि समोर दळून घ्या.

मेटानिल यलोसाठी हायड्रोक्लोरिक ॲसिडची चाचणी सांगितली जाते. इथे दोन घोटाळे होतात. तीव्र ॲसिडने शुद्ध हळदही लालसर होते, पण पाणी घातल्यावर तो रंग जातो. मेटानिल यलोचा गुलाबी-जांभळा टिकतो. पाणी न घालताच निकाल देणे ही पहिली चूक. संडास धुण्याचे ॲसिड वापरणे ही दुसरी, कारण त्यात स्वतःचाच रंग असतो.

शंका पक्की असेल तर प्रयोगशाळा गाठा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. नमुना नियमबाह्य निघाला तर ते शुल्क परत मिळते. त्यासाठी बिल जपा, पाकीट न फोडता ठेवा आणि सुटा माल असेल तर स्वच्छ कोरड्या बरणीत बंद करून त्यावर दुकान, तारीख आणि वजन लिहा. सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाची कार्यालये आहेत.