तिकीटदर किती ठेवावा? कलनाने कमाल गल्ला काढण्याची रीत

तिकिटाचा दर ठरवायला चार माणसं बसली की दोन सल्ले हमखास येतात. एक म्हणतो, "दर उतरवा, सभागृह भरलं पाहिजे." दुसरा म्हणतो, "एकूण खर्चाला खुर्च्यांनी भागा, वर थोडं चढवा, झाला दर." हे दोन्ही मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकवत नाही. दोघांच्याही हिशेबात प्रेक्षक नावाचा माणूसच नाही. दर बदलला की येणारे किती बदलतात, हा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. त्याचं उत्तर हाती आलं की उरलेलं काम कलन, म्हणजे कॅल्क्युलस, दोन ओळींत करून देतं.

द² चा विकलज, म्हणजे कॉलेजात ज्याला सगळे डेरिव्हेटिव्ह म्हणतात तो, २द येतो एवढं माहीत असेल तर पुढचं सगळं समजेल.

पायरी १: अक्षरं ठरवा

द म्हणजे तिकिटाचा दर, प म्हणजे त्या दराला येणारे प्रेक्षक, ग म्हणजे गल्ला. चलन कोणतंही असो, हिशेब तोच. म्हणून मी नुसते आकडे लिहितो. आपलं उदाहरण असं: दर २०० असताना ६०० माणसं येतात. दर १० ने उतरवला की ५० माणसं वाढतात. सभागृहात १००० खुर्च्या आहेत.

पायरी २: मागणीची रेषा मांडा

सगळा घोळ इथे होतो. विकलनात चुकलेली माणसं मी फार थोडी पाहिली. या पायरीवर चुकलेली पुष्कळ, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही त्यांच्यातच होतो.

रेषेला दोन गोष्टी लागतात: एक बिंदू आणि चढ. बिंदू आहे: दर २००, प्रेक्षक ६००. चढ म्हणजे दर १ ने वाढल्यावर प्रेक्षकांत होणारा बदल. '१ ने' हे शब्द अधोरेखित करून ठेवा. दर १० ने उतरला की ५० वाढतात, म्हणजे १ ने उतरला की ५ वाढतात, म्हणजेच १ ने चढला की ५ घटतात. चढ झाला उणे ५. आता रेषा:

प = ६०० − ५(द − २००) = १६०० − ५द

मी पूर्वी कंसाबाहेर ५ च्या जागी सरळ ५० लिहायचो, कारण उदाहरणात ५० दिसतो. पुढचं गणित बिनचूक करायचो आणि दर यायचा १०६, प्रेक्षक ५३००. हजार खुर्च्यांच्या सभागृहात! तरी वहीत उत्तर सुबक दिसायचं म्हणून मी त्याच्या खाली रेघ मारून मोकळा व्हायचो. तेव्हापासून एक नियम पाळतो आणि तुम्हीही पाळा: रेषा लिहून झाली की पुढे जायच्या आधी माहीत असलेला दुसरा बिंदू तिच्यात घालून पाहा. दर १९० ला ६५० यायला हवेत. १६०० − ९५० = ६५०, जुळलं. ५० वाल्या रेषेत १९० घातले तर ११०० येतात, आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. या तपासणीला अर्धं मिनिट लागतं. ती टाळणाऱ्याचं पुढचं एकही उत्तर मी वाचत नाही.

दुसरी चूक चिन्हाची. उणेच्या जागी अधिक पडलं तर रेषा सांगते की महाग केलं की गर्दी वाढते. दुसरा बिंदू घालून पाहणाऱ्याला हीही लगेच सापडते.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, पण माझ्या मते वाईट सवय आहे. पुष्कळ जण 'दर क्ष वेळा १० ने उतरवला' असं धरून (२०० − १०क्ष)(६०० + ५०क्ष) लिहायला शिकवतात. यातून क्ष = ४ येतं, बरोबर येतं, आणि विद्यार्थी उत्तर लिहितो: तिकीटदर ४. चार हा दर नाही, उतरवण्याच्या वेळा आहेत; दर २०० − ४० = १६०. ज्याचा शोध घ्यायचा आहे त्यालाच चल माना, म्हणजे शेवटी भाषांतर करावं लागत नाही.

हे झालं आकडे आयते मिळाल्यावरचं. प्रत्यक्षात ते जुन्या विक्रीतून काढावे लागतात, आणि तिथला खड्डा फार खोल आहे. एका हौशी नाटकमंडळींचा हिशेब मी सांभाळत होतो. मागच्या प्रयोगांच्या नोंदी काढल्या तर प्रत्येक वेळी दर थोडा थोडा वाढलेला आणि प्रत्येक वेळी सभागृह भरलेलं. मी रेषा काढली. ती जवळजवळ आडवी आली, चढ शून्याच्या आसपास. म्हणजे दराचा प्रेक्षकांवर परिणामच नाही, असा अर्थ लावून मी दर भरपूर चढवायला सांगितलं. पुढच्या प्रयोगाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर कलाकारांना उभं राहावं लागलं याचं मला आजही वाईट वाटतं.

चूक कुठे होती? भरलेलं सभागृह मागणी दाखवत नाही, खुर्च्या दाखवतं. दाराशी हजार खुर्च्यांसाठी बाराशे जण आले काय किंवा हजार आले काय, नोंद हजारच होते. मागणी घटत होती, पण ती खुर्च्यांच्या वर, नोंदीला न दिसणाऱ्या भागात घटत होती. म्हणून 'हाऊसफुल्ल' लागलेल्या प्रयोगांचे आकडे रेषेसाठी घेऊ नका. फार तर परत गेलेल्यांची मोजदाद असेल तर ती मिळवून घ्या. तसंच, दर वाढवलेला प्रयोग सुट्टीच्या दिवशी आणि कमी दराचा आडवारी झाला असेल, तर त्या दोन बिंदूंमधला फरक दराचा नाही, वाराचा आहे. वार सारखा, वेळ सारखी, कार्यक्रम तोच, आणि फक्त दर वेगळा, असे दोन बिंदू असले तर ते वीस गढूळ बिंदूंपेक्षा मला जास्त मोलाचे वाटतात.

पायरी ३: गुणा

ग = द × प = १६००द − ५द²

पायरी ४: विकलज काढा आणि शून्याशी जोडा

गल्ल्याचा विकलज १६०० − १०द. तो शून्य धरला की द = १६०. प्रेक्षक १६०० − ८०० = ८००. गल्ला १,२८,०००. आधी २०० दराला तो १,२०,००० होता.

विकलज शून्य का धरायचा, हे मात्र एकदा आकड्यांत पाहून घ्या. दर २०० आहे आणि तो १ ने वाढवला. जे ६०० येणार आहेत ते प्रत्येकी १ जास्त देतात: ६०० ची कमाई. पण ५ जण येत नाहीत आणि प्रत्येकाबरोबर जवळपास २०० जातात: १००० चं नुकसान. निव्वळ तोटा ४००, आणि विकलजात २०० घातले तर बरोबर उणे ४०० येतात. म्हणजे २०० दराला वाढवणं नुकसानीचं आणि उतरवणं फायद्याचं. १६० ला काय होतं? ८०० ची कमाई, ५ × १६० म्हणजे ८०० चं नुकसान. दोन्ही पारडी समान, त्यामुळे इकडे किंवा तिकडे हलून काही मिळत नाही. अर्थशास्त्रात यालाच मागणीची लवचिकता १ असणं म्हणतात: दर एक टक्का वाढला की प्रेक्षकही एक टक्काच घटतात.

फ्रान्सचे गणितज्ञ ऑग्युस्तँ कूर्नो यांनी १८३८ मध्ये नेमकं हेच समीकरण मांडलं. त्यांचं उदाहरण खनिज पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचं होतं, ज्याला पाणी काढायला काहीच खर्च येत नाही. रिकामी खुर्चीही तशीच असते: प्रयोग व्हायचाच आहे, आणखी एक जण येऊन बसला तर बहुधा जास्तीचं काही लागत नाही. ही जोडी मला फार आवडते.

पायरी ५: कमालच आहे ना, आणि सभागृहात मावतंय ना

दुसरा विकलज, म्हणजे विकलजाचाच पुन्हा काढलेला विकलज, उणे १०. ऋण आहे, म्हणजे कमाल. ही औपचारिकता समजून सोडू नका. चिन्हाची चूक करून प = ६०० + ५(द − २००) लिहिलं असतं तर विकलज ४० वर शून्य झाला असता, दुसरा विकलज अधिक १० आला असता, आणि आपण मोठ्या विश्वासाने किमान गल्ल्याचा दर जाहीर केला असता.

आता खुर्च्या. ८०० प्रेक्षक १००० खुर्च्यांत मावतात, प्रश्न नाही. पण सभागृह ७०० चं असतं तर? तर १६० हे उत्तर चुकलं. १६० ला येणाऱ्या ८०० पैकी ७०० च आत जातील आणि गल्ला १,१२,००० होईल, आधीपेक्षाही कमी. अशा वेळी ज्या दराला बरोबर ७०० येतात तो घ्या: १६०० − ५द = ७००, द = १८०, गल्ला १,२६,०००. विकलज इथे शून्य नाही, तरी कमाल इथेच आहे, कारण आपण कडेला येऊन थांबलो आहोत. 'विकलज शून्य म्हणजे उत्तर' एवढंच पाठ केलेले इथे हमखास घसरतात.

पहिल्या सल्लागारालाही इथेच उत्तर मिळतं. हजार खुर्च्यांचं सभागृह भरायचं तर दर १२० लागेल आणि गल्ला पुन्हा १,२०,००० वर येईल. दोनशे खुर्च्या रिकाम्या ठेवून ८,००० जास्त मिळतात. ध्येय गर्दी असेल तर खुशाल भरा, पण मग त्याला गल्ल्याचा हिशेब म्हणू नका.

पायरी ६: उत्तरावर एकदम उडी मारू नका

गल्ला असाही लिहिता येतो: १,२८,००० − ५(द − १६०)². दर १० ने चुकला तर फक्त ५०० जातात, २० ने चुकला तर २०००. माथा सपाट असतो. त्यामुळे १६३.७ असं काही उत्तर आलं तर बेधडक सुट्ट्या पैशांच्या सोयीचा जवळचा दर ठेवा.

पण सपाट माथ्याच्या भरवशावर रेषेवर आंधळा विश्वास ठेवू नका. आपण फक्त १९० आणि २०० हे दोन दर पाहिले आहेत. त्याच दोन बिंदूंतून वक्रही जातो: दर १० ने उतरला की गर्दी ५० ने नव्हे तर दर वेळी साधारण ८.३ टक्क्यांनी वाढते असं धरा. अशा घातांकी मागणीत, खुर्च्यांची मर्यादा बाजूला ठेवली तर, गल्ल्याचा माथा १६० ला न येता १२५ च्या आसपास येतो. आकडे तेच, उत्तर ३५ ने वेगळं! मात्र १८० दराला रेषा ७०० सांगते आणि वक्र ७०४. तिथवर दोघांत भांडण नाही. १६० ला रेषा ८०० सांगते, वक्र ८२६. म्हणून माझा आग्रह असा: विकलजाकडून दिशा घ्या, दर आधी १८० करा, प्रेक्षक मोजा, नवा बिंदू घालून रेषा पुन्हा काढा, मग पुढचं पाऊल. सगळं अंतर एका प्रयोगात कापू नका.

खर्चाचं काय?

सभागृहाचं भाडं, दिवे, मानधन हे प्रेक्षक किती आले त्यावर बदलत नसेल तर त्याचा दराशी संबंध नाही. स्थिर आकड्याचा विकलज शून्य असतो; भाडं दुप्पट झालं तरी सर्वांत फायद्याचा दर १६० च राहतो. भाड्यावरून ठरवायचं ते एवढंच की प्रयोग लावायचा की नाही. दुसरा सल्लागार नेमका हाच आकडा दरात घालतो.

मात्र प्रत्येक माणसामागे खर्च येत असेल, समजा २०, तर गल्ला सोडा आणि नफा धरा: (द − २०)(१६०० − ५द). विकलज १७०० − १०द, दर १७०. खर्च २० ने वाढला आणि दर १० नेच वाढला. सरळ रेषेच्या मागणीत माणशी खर्चाचा निम्माच भाग दरात जातो. १७० दराला ७५० जण येतात आणि स्थिर खर्च वजा करण्याआधी हाती १,१२,५०० राहतात. १६० च ठेवला असता तर १,१२,००० राहिले असते.