करवतकाठी लुगड्यातली बाहुली : एकास पाच माप

भंडारा-नागपूरकडच्या कोष्ट्यांच्या मागावरचं करवतकाठी (काठावर करवतीसारखे दाते विणलेलं) टसर रेशमाचं लुगडं, खणाची गाठीची चोळी, डोक्यावर पदर. १९०० च्या आसपासचा हा वेश बाहुलीवर बसवताना एक अडचण कायम असते: माप पाचपट लहान होतं, कापडाची जाडी मात्र तेवढीच राहते. कंबरेपाशी बोचकं झालं तर हा हिशेब चुकलाय.

उंची ३० सेंमी धरा, डोकं ४.२ सेंमी. कंबरेचा घेर मापाने १४ येतो, पण १२ च ठेवा. बाकी लुगडं भरून काढतं. दंडाला ५.५ सेंमी रुंद पट्टी कापा (दोन्ही कडांना ३ मिमी शिवण), मनगटाकडे घेर ३ सेंमीवर आणा. पाय वेगवेगळे शिवा. कासोट्यात पायांचा आकार दिसतो, एकाच पिशवीचे पाय तिथे उघडे पडतात.

अंगाला जुन्या धोतराचं कापड उत्तम, धुऊन धुऊन ते आणखी आटत नाही. काथाच्या पाण्यात उकळलं की गव्हाळ होतं. आतल्या सांगाड्याला बांधकामाची तार नको, ती गंजते आणि डाग बाहेर येतो. जळालेल्या मोटरपंपाच्या वाइंडिंगची तांब्याची तार तिहेरी पिळून घ्या. भरायला घरचा कापूस चालतो, पण सरकीचा एकही तुकडा राहू देऊ नका. दाबला गेला की तेल सुटून कापड पिवळं पडतं. चिमूटभर कापूस काडीने टोकापर्यंत ठासत भरा. मोठा गोळा घातला की गाठी होतात.

डोक्यासाठी दोन दिवस भिजवलेला कागद वाटून घट्ट पिळा. चार वाट्या लगद्याला वाटीभर मेथीचं पीठ, म्हणजे लगदा चिकटतो आणि कीडही दूर राहते. ३ मिमीचा एक थर, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ठेवू नका. वरचा पापुद्रा आधी आकसतो, आत ओल राहते आणि गालावर चीर पडते. सावलीतच वाळवा.

आता लुगडं. नऊवार म्हणजे ८२३ सेंमी, पाचात १६५. एवढं नेसवू नका, ११० सेंमी पुरे. कमी करायचं ते आतल्या वेढ्यातून. निऱ्या आणि पदर पूर्ण ठेवा. रुंदी २३ सेंमी. कापड जुन्या टसरचं, शक्य तितकं विरळ. काठाचे दाते विणणं या मापात जमत नाही, म्हणून लाल पट्टीखाली बारीक नागमोडी लेस अर्धी दडवून शिवा. बाहेर राहिलेली अर्धी नागमोड करवतीसारखी दिसते. पट्टी आणि दाते मिळून काठ दीड सेंमीच्या वर नको, नाहीतर लुगडं ताठ उभं राहतं.

चोळी आधी, हुक न लावता समोर गाठ मारून. मग वेढा, कंबरेला गाठ, निऱ्या, त्यांचा मधला भाग पायांमधून मागे खोचणं. पदर ज्या जुन्या फोटोवरून काम करताय त्यातल्याच खांद्यावर घ्या. एवढं हलकं कापड आपल्या वजनाने खाली पडत नाही, फुगून राहतं. तांदळाच्या पेजेत चौपट पाणी घालून निऱ्यांवर बोटाने लावा, सैल दोरा गुंडाळा आणि रात्रभर वाळू द्या. टाचण्या लोखंडी असतील तर ओल्या टसरवर गंजाचे ठिपके पडतात, ते निघत नाहीत. त्याजागी बाभळीचे बारीक काटे टोचा, दोरा सोडताना काढून घ्या.