इमेज फाइल आधी उघडून पाहा, मगच पेन ड्राइव्हवर उतरवा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी सुरक्षा-अद्यतने पुरवण्याचे नेहमीचे काम थांबवले. त्यामुळे इंदूरच्या रामबागेत आणि लोकमान्य नगरात घरोघरी असलेले, अजून उत्तम चालणारे कित्येक संगणक अडचणीत आले आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली मात्र २ जीबी मेमरीवर चालते आणि ४ जीबी असल्यास सुखाने चालते. असा संगणक भंगारात काढण्यापूर्वी बूट होणारा, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा पेन ड्राइव्ह तयार करून पाहावा. जेल रोडवरच्या दुकानांत हे काम पैसे देऊन करून मिळते, पण घरी केल्यास आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे परक्या हाती जात नाहीत, हा लाभ मला पैशांपेक्षा मोठा वाटतो.

संकेतस्थळावरून उतरवलेली आयएसओ फाइल म्हणजे एका संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, अर्थात इमेज असते. ती साध्या फाइलप्रमाणे पेन ड्राइव्हवर कॉपी केली तर संगणक तिच्यावरून सुरू होत नाही, कारण सुरू होताना संगणक ड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरमधला बूट कोड किंवा ईएफआय नावाच्या फोल्डरमधला लोडर शोधतो आणि फाइलच्या पोटात दडलेला लोडर त्याला दिसत नाही. इमेज ड्राइव्हवर रीतसर लिहावीच लागते, आणि लिहिताना ड्राइव्हवरचे सारे पुसले जाते. इमेज माउंट करून, म्हणजे न लिहिता आभासी ड्राइव्हसारखी उघडून पाहण्यात असा कोणताही धोका नसतो, म्हणून आधी पाहणे आणि मग लिहिणे हा क्रम मी आग्रहाने सांगतो.

फाइल नेहमी मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिथे दिलेला एसएचए-२५६ हा फाइलची ओळख पटवणारा चौसष्ट अक्षरी ठसा जुळवून पाहावा. विंडोजमधल्या पॉवरशेल या आज्ञा टंकायच्या खिडकीत गेट-फाइलहॅश (Get-FileHash) ही आज्ञा आपल्या फाइलचा ठसा काढून देते. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी फाइल पुन्हा उतरवावी.

विंडोज ८ पासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत आयएसओ फाइलवर राइट-क्लिक करून ‘माउंट’ निवडले की ‘धिस पीसी’मध्ये नवा ड्राइव्ह दिसू लागतो. त्यात केवळ वाचता येते, काही बदलता येत नाही. विंडोजची फाइल असेल तर आत सेटअप, सोर्सेस आणि ईएफआय या गोष्टी आहेत ना, ते पाहावे. चालू विंडोज फक्त दुरुस्त करायचे असेल आणि इमेज त्याच आवृत्तीची व भाषेची असेल, तर याच ड्राइव्हमधला सेटअप चालवणे पुरते. पेन ड्राइव्हची गरजच पडत नाही, आणि ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते. काम झाल्यावर ‘इजेक्ट’ करावे. व्हीएचडी आणि व्हीएचडीएक्स या आभासी हार्ड डिस्कमध्ये मात्र लिहिताही येते, त्यामुळे जुना बॅकअप नुसता पाहायचा असल्यास ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून ‘अटॅच व्हीएचडी’ करताना ‘रीड-ओन्ली’वर खूण करावी. अनोळखी ईमेलमधून आलेली आयएसओ फाइल कुतूहलापोटीही उघडू नये, कारण घातक प्रोग्राम पोहोचवण्यासाठी हा मार्ग वापरला गेला आहे.

पेन ड्राइव्ह ८ जीबी किंवा त्याहून मोठा घ्यावा. लिहिण्यासाठी रूफस हा मोफत प्रोग्राम मी सुचवतो. त्यात सर्वांत जपून करायची निवड म्हणजे वरच्या रकान्यातला ड्राइव्ह. कामाला लागण्यापूर्वी बाहेरची हार्ड डिस्क आणि इतर सर्व पेन ड्राइव्ह काढून ठेवावेत आणि उरलेल्याची ओळख आकारावरून पटवावी. १६ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण १४.९ जीबीचा किंवा थोडा कमी दिसतो. ज्या संगणकावर नवी प्रणाली बसवायची, त्याच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’पुढे यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) लिहिले असेल तर रूफसमध्ये विभाजनासाठी जीपीटी, लेगसी (जुनी पद्धत) असेल तर एमबीआर निवडावे. फॅट३२ या ड्राइव्हवरील फाइल-मांडणीत ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही आणि विंडोजच्या इमेजमधली मुख्य फाइल बहुधा तेवढी मोठी असते, म्हणून रूफस अशा वेळी एनटीएफएस ही दुसरी मांडणी सुचवतो. ती सूचना मान्य करावी. लिनक्सच्या इमेजसाठी तो लिहिण्याची आयएसओ की डीडी पद्धत असे विचारतो, तेव्हा आधी आयएसओ पद्धत घ्यावी आणि त्याने संगणक सुरू झाला नाही तरच डीडीकडे वळावे.

आता संगणक बंद करून सुरू करावा आणि लगेच बूट मेनूची कळ दाबावी: डेल आणि लेनोवोमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९. विंडोज भरभर सुरू होऊन कळ दाबायला वेळच मिळत नसेल, तर शिफ्ट दाबून धरून ‘रिस्टार्ट’ करावे आणि येणाऱ्या पर्यायांतून ‘यूज अ डिव्हाइस’ निवडावे. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा-सोयीने कुलूपबंद असेल तर बूटच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, ती मागितली गेली आणि सापडली नाही तर सारा डेटा हातचा जातो.

लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते आणि तोवर हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. ही संधी घाई करून दवडू नये. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासावेत. घरातील ज्येष्ठांची मराठी पत्रे वा संस्थेची इतिवृत्ते युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असतील, तर त्या फाइली इथे उघडून पाहाव्यात. तो फॉन्ट नसेल तर पानभर अगम्य अक्षरे दिसतील आणि फॉन्टची सोय आधी करावी लागेल. समाधान झाल्यावर आणि डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतल्यावरच ‘इन्स्टॉल’ करावे. मेच्या अखेरीस वादळी पावसात वीज जाते, म्हणून यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम त्या दिवसांत दुपारनंतर काढू नये. पेन ड्राइव्ह लिहिताना वीज गेली तर तो पुन्हा लिहिता येतो, पण डिस्कचे विभाजन चालू असताना गेली तर जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रणाली हातच्या जाऊ शकतात.

नंतर हाच पेन ड्राइव्ह विंडोजला लावल्यावर त्याची क्षमता घटल्यासारखी दिसली तर तो बिघडला असे समजू नये. रूफसमध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडून तो फॉरमॅट केला की पूर्ण जागा परत मिळते.