जँगोत माको बसवायचाय? मग टेम्प्लेटचा ड्रायव्हर स्वतःच लिहा

एका क्लायंटचं जुनं पायलन्सवरचं (पायथनचं एक जुनं वेब फ्रेमवर्क) अ‍ॅप जँगोवर, म्हणजे पायथनच्याच दुसऱ्या वेब फ्रेमवर्कवर, आणायचं काम आमच्याकडे आलं. पायलन्सवाले टेम्प्लेट (पानांचे साचे) माकोत, म्हणजे एका टेम्प्लेट भाषेत, लिहायचे, त्यामुळे माकोच्या फाइली ढीगभर, आणि त्या सगळ्या जँगोच्या टेम्प्लेट भाषेत हाताने परत लिहायच्या म्हणजे दिवाळी ऑफिसातच. मग ठरवलं की फाइलींना हातच नाही लावायचा, जँगोलाच माको वाचता येईल असा ड्रायव्हर लिहायचा. जँगोवाले त्याला बॅकएंड म्हणतात, मला आपलं ड्रायव्हरच बरं वाटतं. एकाच प्रोजेक्टात दोन-तीन टेम्प्लेट इंजिनं शेजारी ठेवायची सोय जँगो १.८ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे, आणि ओपन एडएक्ससारख्या मोठ्या प्रोजेक्टातही जँगोवर माको चालतं, म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाहीये.

(मेथडची नावं इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाकायची, आणि मधली अंडरस्कोर विसरायची नाही.)

सुरुवात अशी. जँगोच्या टेम्प्लेट बॅकएंड्सच्या फोल्डरमध्ये बेस नावाची फाइल आहे, तिच्यातल्या बेसइंजिन क्लासवरून आपला क्लास काढायचा. त्याच फोल्डरमध्ये डमी नावाचा एक पिटुकला ड्रायव्हर पण ठेवलेला आहे, पायथनच्या साध्या स्ट्रिंग टेम्प्लेटवर चालणारा. तो आधी उघडून वाचा, चहा संपायच्या आत वाचून होतो आणि सगळा सांगाडा कळतो. आपल्याला लिहायच्या गोष्टी चारच: इनिट, फ्रॉम_स्ट्रिंग, गेट_टेम्प्लेट, आणि रेंडर मेथड असलेला एक छोटा रॅपर क्लास.

इनिटमध्ये सेटिंग्जमधली डिक्शनरी येते. तिची आधी कॉपी करायची, त्यातून ऑप्शन्स पॉप करून बाजूला काढायचे आणि मगच सुपरला बोलवायचं. हे उलटं केलं तर बेसइंजिन 'अननोन पॅरामीटर्स' म्हणून इम्प्रॉपर्लीकॉन्फिगर्ड फेकतो, कारण त्याला फक्त नेम, डर्स आणि अ‍ॅप_डर्स एवढंच समजतं, बाकी काही उरलेलं दिसलं की तो चिडतो. नंतर माकोचा टेम्प्लेटलुकअप (टेम्प्लेटच्या फाइली शोधणारा ऑब्जेक्ट) बनवायचा आणि त्याच्या डिरेक्टरीजमध्ये सेल्फ.टेम्प्लेट_डर्स द्यायचं, सेटिंग्जमध्ये अ‍ॅप_डर्स ट्रू असलं की अ‍ॅपांमधली फोल्डरं शोधायचं काम जँगो आपणहून करतो.

अ‍ॅप_डिरनेम नावाचं क्लास अ‍ॅट्रिब्यूट द्यावं लागतं, आणि इथे मी पहिली माती खाल्ली. मी तिथे सरळ 'टेम्प्लेट्स' लिहिलं आणि आपलं इंजिन यादीत वर ठेवलं. झालं असं की जँगोसोबत येणाऱ्या अ‍ॅडमिनच्या फाइली पण टेम्प्लेट्स नावाच्याच फोल्डरमध्ये असतात, त्या आधी माकोने उचलल्या, आणि माकोला महिरपी कंसातली टक्केवाली जँगोची चिन्हं म्हणजे निव्वळ मजकूर वाटतो, त्यामुळे एरर कसलीच नाही, ब्राउझरमध्ये अ‍ॅडमिनच्या जागी सगळे टॅग उघडे पडलेले. फोल्डरचं नाव 'माको' ठेवा, विषय संपला. जँगोचं स्वतःचं इंजिनही यादीतून काढू नका, अ‍ॅडमिन त्याच्याशिवाय चालत नाही, सिस्टिम चेकच अडवतो.

आता एस्केपिंग, म्हणजे मजकुरातली एचटीएमएलची चिन्हं निरुपद्रवी करून छापणं, हे नीट वाचा. जँगो टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबल आपोआप एस्केप होतं, माकोत आपणहून काहीच होत नाही. यूजरने कमेंटमध्ये स्क्रिप्ट टॅग टाकला तर तो तसाच पानावर जाणार. म्हणून लुकअपला डिफॉल्ट_फिल्टर्समध्ये 'एच' (एचटीएमएल एस्केप करणारा फिल्टर) द्यायचा. एवढं करून लोक निवांत होतात पण फ्रॉम_स्ट्रिंगमध्ये आपण माकोचा टेम्प्लेट थेट बनवतो, आणि त्याला लुकअप दिला तरी लुकअपचे फिल्टर त्याला लागू होत नाहीत, तिथे 'एच' वेगळा द्यावा लागतो. हे भोक कोडकडे नुसतं बघून दिसत नाही. बरं, जुन्या फाइलींमध्ये जिथे मुद्दाम एचटीएमएल छापलेलं असेल तिथे आता ते पण एस्केप होईल, तिथे 'एन' फिल्टर (डिफॉल्ट फिल्टर बंद करणारा) लावत बसावं लागतं, त्याला इलाज नाही. जँगोच्या सेफस्ट्रिंगला (एस्केप करू नका अशी खूण असलेल्या स्ट्रिंगला) मात्र धक्का लागत नाही, कारण 'एच' मागे मार्कअपसेफ वापरतो आणि तो सेफ स्ट्रिंग ओळखतो.

रेंडर मेथड काँटेक्स्ट (टेम्प्लेटला द्यायच्या व्हॅल्यूंची डिक्शनरी) आणि रिक्वेस्ट घेते, दोन्ही नन (पायथनचं None) असू शकतात, दोन्ही तपासा. रिक्वेस्ट असेल तर रिक्वेस्ट, सीएसआरएफ_इनपुट आणि सीएसआरएफ_टोकन या तीन गोष्टी काँटेक्स्टमध्ये घालायच्या, शेवटच्या दोघांसाठी (दुसऱ्या साइटवरून खोटा फॉर्म पाठवला जाऊ नये म्हणून असलेलं टोकन) बॅकएंड्सच्या यूटिल्समध्ये लेझी फंक्शनं तयार आहेत. काँटेक्स्ट प्रोसेसर (सगळ्या पानांना सामाईक व्हॅल्यू देणारी फंक्शनं) हवे असतील तर ते ऑप्शन्समधून घेऊन स्वतः फिरवायचे. माझा सल्ला, आधी प्रोसेसरची व्हॅल्यू घाला आणि मग व्ह्यूची, म्हणजे व्ह्यूने दिलेलं कोणी पुसत नाही, जँगोसोबत येणारा जिंजाचा (हेही एक टेम्प्लेट इंजिन) ड्रायव्हर नेमकं उलटं करतो. आणि आलेल्या डिक्शनरीत थेट न घालता नवीन बनवा. माकोला रेंडर नाही, रेंडर_युनिकोड बोलवा, कारण आउटपुट_एन्कोडिंग कोणी सेट केलेलं असलं तर रेंडर बाइट्स देतं. आणि काँटेक्स्टमध्ये 'लूप' किंवा 'काँटेक्स्ट' नावाची की पाठवू नका, ही माकोची राखीव नावं आहेत, नेमकॉन्फ्लिक्टएरर येतो.

इथपर्यंत पन्नासेक ओळीत ड्रायव्हर पळायला लागतो. माझा खरा वेळ गेला तो एरर भाषांतर करण्यात, आणि नवखे लोक हाच भाग सोडून देतात.

जँगो यादीतल्या पहिल्या इंजिनाला फाइल मागतो, त्याने टेम्प्लेटडझनॉटएक्झिस्ट फेकलं तरच दुसऱ्याकडे जातो. माको मात्र स्वतःचं टॉपलेव्हललुकअपएक्सेप्शन फेकतं. ते तसंच बाहेर जाऊ दिलं तर पुढच्या इंजिनाचा नंबरच लागत नाही आणि जिचा माकोशी काही संबंध नाही अशी अ‍ॅडमिनची पानं पण ५०० देतात. म्हणून गेट_टेम्प्लेटमध्ये ते पकडून जँगोचं फेकायचं, सोबत बॅकएंड म्हणून सेल्फ द्यायचं, आणि 'फ्रॉम' लावून मूळ एरर जोडून ठेवायचा. सिंटॅक्सएक्सेप्शन आणि कंपाइलएक्सेप्शन पकडून टेम्प्लेटसिंटॅक्सएरर करायचं. त्या एररवर टेम्प्लेट_डीबग नावाची डिक्शनरी चिकटवली की जँगोच्या पिवळ्या पानावर चुकलेली ओळ आजूबाजूच्या ओळींसकट दिसते. ओळ नंबर माकोच्या एररमध्ये असतोच, बाकी जुळवाजुळव कशी करायची ते जिंजाच्या ड्रायव्हरमधून बघून उचला, मी तेच केलं.

यात एक पाचर आहे. माकोत इनहेरिट केलेली मूळ फाइल रेंडरच्या वेळी शोधली जाते, गेट_टेम्प्लेटच्या वेळी नाही. म्हणजे बेस फाइलचं नाव चुकलं असेल तर गेट_टेम्प्लेट बिनघोर पास होतं आणि रेंडरमध्ये फुटतं. म्हणून ही पकडापकडी रेंडरमध्ये पण करा, फक्त तिथे टॉपलेव्हलवालं नाही, त्याचं मूळ टेम्प्लेटलुकअपएक्सेप्शन येतं, ते पकडा.

छोट्या गोष्टी पटापट. सेटिंग्जमध्ये नेम नाही दिलं तर तुमच्या मॉड्यूलचं नाव घेतलं जातं, फाइल बॅकएंड नावाची असेल तर इंजिनाचं नाव पण बॅकएंड, म्हणून नेम लिहाच. लुकअपचा फाइलसिस्टम_चेक्स (फाइल बदलली का ते बघणारा) डेव्हलपमेंटला चालू, सर्व्हरवर बंद. टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर असेल आणि माको जुना असेल तर इनपुट_एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट सांगा. आणि जावास्क्रिप्टच्या बॅकटिकमधलं डॉलर-कंस माको स्वतःचं समजून गिळतं, तो कोड वेगळ्या फाइलीत हलवा नाहीतर माकोच्या टेक्स्ट टॅगमध्ये गुंडाळा.

टेस्ट पाच लिहा: नसलेली फाइल, मोडका सिंटॅक्स, रिक्वेस्टशिवाय रेंडर, स्क्रिप्ट टॅग एस्केप होतो का (फाइलमधून आणि स्ट्रिंगमधून, दोन्ही), आणि सीएसआरएफ_इनपुट एस्केप न होता येतो का. आधीच्या टेस्टांमध्ये असर्टटेम्प्लेटयूज्ड किंवा रिस्पॉन्स.काँटेक्स्ट असेल तर माकोच्या पानांवर ते चालणार नाही, ती माहिती फक्त जँगोचं स्वतःचं इंजिन भरतं. मी त्यात अर्धा दिवस ड्रायव्हरमध्येच चूक शोधत बसलो होतो. टेम्प्लेटरिस्पॉन्स वापरत असाल तर काँटेक्स्ट_डेटा बघा, नाहीतर सरळ छापून आलेलं एचटीएमएल तपासा.