पद्मिनी डेंटरकडे नेण्याआधी

दसरा झाला की जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी गंजलेल्या पत्र्याच्या कामासाठी डेंटरकडे न्यायची असेल, तर तयारी गणपतीतच सुरू करा. पावसाळी हवेत घासलेला उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, आणि आमच्यासारखे कळव्याला खाडीच्या बाजूला राहत असाल तर विचारूच नका. त्यामुळे वेल्डिंग-प्रायमर पाऊस उलटल्यावरच. गळती आणि गंज कुठे आहे याची शोधाशोध मात्र आताच करून घ्या. मॅट आणि गालिचे काढा, घरातल्या कुणाला तरी टॉर्च देऊन आत बसवा आणि काचेच्या रबरावर पाइपने सावकाश पाणी सोडा. आमच्याकडे आई बसली. ‘‘अरे, डाव्या पायाशी येतंय,’’ ती आतून ओरडली. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी उतरत होतं, आणि नेमका तिथलाच फ्लोअर, म्हणजे तळाचा पत्रा, गेला होता. वरचं भोक न बुजवता खाली नवा पत्रा लावला असता तर तो पैसा पाण्यात.

मग जुन्या बनियनच्या कापडात लोहचुंबक गुंडाळून सगळी गाडी फिरा. जिथे तो धरत नाही तिथे खाली पुट्टी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, आहे. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, हेडलाइटच्या मागची बाजू, बॅटरीची बैठक, डिकीतली स्टेपनीची जागा, जॅक लावायच्या जागा: गंज इथेच बसतो. संशय आला तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा. जीव कळवळतो, पण टोचा. आमच्या गाडीचं काम आधी एका गॅरेजने ‘नव्यासारखं’ करून दिलं होतं. दाराखालच्या पेटीत स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला आणि पुट्टीच्या पापुद्र्याबरोबर वर्तमानपत्राचा बोळा बाहेर आला. पत्रा भुगा झाला होता, राशिभविष्य शाबूत होतं.

ही दाराखालची पेटी, म्हणजे सिल, सगळ्यात जपायची. आमच्या घरी पद्मिनीला अजून फियाटच म्हणतात. तर या फियाटला जीपसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. सिल कापला आणि खाली आधार नसला की गाडी मधून बसते, मग दार कुलपाला लागत नाही. म्हणून कापण्याआधी दारांच्या फटी मोजा, दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, आकडे वहीत लिहा. चौकटीत आडवा चौकोनी पाइप वेल्डिंगचे टाके मारून घ्यायला सांगा, आणि एका वेळी एकच बाजू कापू द्या. डेंटर म्हणेल, ‘‘साहेब, तीस वर्षं करतोय.’’ तरी सांगा.

पत्रा स्वतः आणलेला बरा. आपल्याला कळंबोलीचं लोखंड मार्केट जवळ आहे, पण दोन शीटसाठी वागळे इस्टेटकडच्या दुकानातही भागतं. सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्रा मागा. बाहेरच्या पॅनेलला 20 गेज, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर, फ्लोअरला 18 गेज. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, नको. वेल्डिंग करताना त्यातल्या जस्ताचा धूर बाधतो. गॅस वेल्डिंगपेक्षा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूतलं विजेचं वेल्डिंग) बरं, उष्णता कमी पसरते. त्यातही सलग शिवण न मारता इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, नाहीतर सपाट पॅनेलला लाटा येतात. गंज उतरवायचं फॉस्फरिक ॲसिडचं औषध वरवरच्या गंजासाठी ठीक. भोक पडलं तिथे ते काही करत नाही, तिथे चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं.

गाडी हलवण्याआधी बॅटरी काढा. पेट्रोलची टाकीही उतरवा, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंगचा विचारही करू नका. नटबोल्ट झिपच्या पिशव्यांत, वर चिठ्ठी, आणि काढण्याआधी फोटो. क्रोमच्या पट्ट्या घरी ठेवा. गॅरेजमध्ये त्यांना पाय फुटतात. मग कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्ट्सच्या दुकानांत शोधत फिरावं लागतं, आणि गंमत म्हणजे गाडी बनलीही कुर्ल्यातच.

चेसिस नंबरच्या पट्टीवर मास्किंग टेप लावून ‘ग्राइंडर नको’ असं ठळक लिहा. तो नंबर घासला गेला की आरटीओत उत्तर देणं कठीण. रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद लागते. गाडी 50 वर्षांपुढची असेल आणि 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर घ्यायचा असेल, तर मूळ रूप राखा, मडगार्ड रुंद करण्याचे प्रयोग नकोत.

प्रायमरचं आधीच बोलून घ्या. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, पुट्टी त्याच्यावर आणि पातळ. साधा प्रायमर पाणी शोषतो. ‘रंग पुढच्या वर्षी मारू’ म्हणून तशीच गाडी पावसात उभी ठेवली तर आतून पुन्हा गंज. सिल बंद झाल्यावर आत बारीक नळीने मेण फवारायचं आणि पाणी जायची भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी करायची, हेही कागदावर लिहून द्या. आमच्या डेंटरने ती भोकं नीटनेटकी वेल्ड करून बुजवली होती. वर अभिमानाने दाखवलीही.