पंचने मारलेलं कार्ड

सोसायटीच्या गेटचं कार्ड सारखं हरवायचं, म्हणून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवावं म्हटलं. कागदाच्या पंचने कडेला भोक पाडलं. थोडा जोर लागला, पण पडलं. संध्याकाळी गेटवर कार्ड धरलं तर रीडर ढिम्म. पुसून, उलटं करून, चिकटवून पाहिलं. वॉचमनकाका म्हणाले, "सेल संपला असंल."

सेल या कार्डात नसतोच. रीडरभोवती चुंबकीय क्षेत्र असतं, त्यात कार्डातल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, तेवढ्यावर चिप जागी होऊन आपला नंबर सांगते.

घरी मोबाईलचं एनएफसी (अशी कार्डं जवळ धरून वाचायची सोय) चालू केलं. बायकोचं कार्ड टेकवताच टिंग, माझं टेकवलं तर काहीच नाही. (तुमचं कार्ड जुन्या, १२५ किलोहर्ट्झ वारंवारतेवर चालणारं असेल तर ही परीक्षा निरुपयोगी. फोन १३.५६ मेगाहर्ट्झचीच वाचतो, त्यामुळे तो धडधाकट कार्डावरही गप्प राहील.)

मग अंधारात कार्डाखाली टॉर्च धरला. कडेकडेने फिरणारी तारेची तीन-चार वेटोळी सावलीसारखी दिसली, आणि माझं भोक बरोबर त्यांच्यावर! तार तुटली, वीज बंद.

डाग देऊन जोडायचा मोह झाला, पण प्लास्टिकच्या आतली केसासारखी तार, कोण पकडणार? ऑफिसातून नवीन कार्ड घेतलं, जुना नंबर यादीतून काढायला लावला. आता ते प्लास्टिकच्या पाकिटात आहे, भोक पाकिटाला.